फिरीच्या फिरीचे दोन भाग

विकास नगर, लखनौ
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

चि. सुरुचीस,

अनेक आशीर्वाद. माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. पाकिटाला डिंक दोनदा लावला आहे. झाकण सुरकुतलेलं दिसलं, तर ते तुझ्याआधी कोणीतरी उघडलं असं समज. आणि ते जावई उल्हासराव असतील तर त्यांनाही माझा नमस्कार.

तुझी आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. तेराव्याच्या दिवशी तिच्या पाटल्या सापडेनात, तेव्हा मी उल्हासरावांना दारात बॅग उघडायला लावली. त्या प्रकाराबद्दल या पत्रात मी काही लिहिणार नाही. लिहिण्याचं कारण वेगळं आहे.

तुझी लेक रुचा ऑगस्टपासून दर रविवारी माझ्याकडे जेवते. तू तिला हॉस्टेलवर ठेवलंस, माझ्याकडे जायचं नाही म्हणून बजावलंस, हे तिनंच मला सांगितलं, वरण वाढून घेता घेता. तिच्यावर रागावू नकोस. जबलपुरात वाढलेली पोर, मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत. “नाना, और थोड़ा घी दो ना.” तुझ्या आईसारखा घाट आहे बोटांचा.

एम.एस्सी.ला तिला या सत्रात विद्युतचुंबकत्व आहे, पण गणिताच्या अंगानं. मी विचारलं, प्रयोगशाळा कुठं आहे? तर म्हणाली, नाहीच. तार नाही, चुंबक नाही, लोखंडाचा कीस नाही. शाळेत आम्ही कागदावर कीस सांडून खालून चुंबक फिरवायचो आणि त्या रेघा अशा उमलायच्या की मास्तरांनासुद्धा बोलायचं सुचत नसे. हिच्या वर्गात फळ्यावर चार समीकरणं, बस्स. “चुंबक का क्या करेंगे नाना? फील्ड दे दो, बाकी हम निकाल लेंगे.” चढ काढायचा, पसारा काढायचा, फिरी काढायची. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स आणि कर्ल यांना मी कॉलेजात असताना दिलेली ही नावं. रुचाला ती फार आवडली. एका बंद पृष्ठभागावरून क्षेत्र किती बाहेर येतं ते मोजलं की आत किती विद्युतभार आहे ते आत न डोकावता सांगता येतं, हे ती मला सांगत होती, तेव्हा खिडकीतून ऊन तिच्या वहीवर आलं होतं आणि मला तासगावची शाळा दिसत होती. राजाराम गुरुजी छडीनं लघु-गुरू वाजवायचे आणि अख्खा वर्ग भुजंगप्रयातात डुलायचा.

भरकटलो. मुद्दा असा की तिच्याबरोबर एक मुलगा येऊ लागला आहे. सौरभ श्रीवास्तव, इथल्याच चिनहटचा. वर्गातलाच. पायांत चांगले बूट, बोलायला नको इतका गोड. “नानाजी, आपकी दाल में जो बात है, वो हमारे यहाँ कहाँ.” वरणाची एवढी स्तुती मी आयुष्यात ऐकली नाही. एकोणचाळीस वर्षं मी गणित शिकवलं, सुरुची. जास्त गोड बोलणारा मुलगा बहुधा शेजारच्याच्या वहीकडे बघत असतो.

गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी दोघं मधल्या परीक्षेचे तपासलेले पेपर घेऊन आले. ती स्वयंपाकघरात असताना मी दोन्ही चाळले. विद्युतक्षेत्राची फिरी घ्यायची, त्या फिरीची परत फिरी घ्यायची, की तिचे दोन भाग पडतात: पहिला पसाऱ्याचा चढ, दुसरा लाप्लसचा. दुसऱ्या भागाआधी वजाचं चिन्ह हवं. ते असलं की लाटेचं समीकरण निघतं, प्रकाश चालू लागतो. नसलं तर सगळं जागच्या जागी बसतं. दोघांच्याही पेपरात वजा नव्हता, ठळक अधिक होता. शेवटचं समीकरण तर सगळ्यांनाच पाठ असतं, म्हणून मधल्या ओळीशी जमत नसतानाही दोघांनी ते खाली बरोबर लिहून टाकलं होतं. चूक एका जागी, आणि लपवणंही एका जागी.

बाई, दोन मुलांची उत्तरं बरोबर असली तर ती सारखी असतात, त्यात काही नाही. चुका सारख्या असल्या तर त्यांतला एक चोर असतो.

तुला माहीत असावं म्हणून कळवलं. गेल्या आठवड्यात काही कामानं फैजाबाद रोडला गेलो होतो, तेव्हा तिचं विद्यापीठही बाहेरून बघितलं. बरं आहे. गुलमोहोर लावलेत.

तुझा,
बाबा

---

विकास नगर
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

चि. सुरुचीस,

उत्तर नाही आलं. पोस्टमन आदेश म्हणून नवा आहे, मी त्याला विचारलं तर म्हणतो, “अंकल, आएगा तो दे ही देंगे, हम चिट्ठी का अचार डालेंगे क्या?” मला तो फारसा भरवशाचा वाटत नाही.

तुला एक वाईट बातमी द्यायची आहे. रुचाला आणि त्या मुलाला विभागाची नोटीस आली. कॉपीच्या संशयावरून चौकशी. दोघांचे पेपर परत मागवून घेतले. शिकवणाऱ्या डॉ. निगम म्हणून आहेत, पन्नाशीच्या, कडक, कानामागे पेन्सिल. त्यांनी रुचाला सांगितलं की १९ मार्चला समितीपुढे यायचं, आणि समाधान झालं नाही तर या विषयात नापास धरणार. म्हणजे वर्ष गेलं. आणि पुढं संशोधनाला जायचं तिचं जे चाललंय, त्या अर्जात हे सगळं लिहावं लागणार.

काल जेवायला आली ती एकटीच. जेवलीच नाही. भात चिवडत बसली.

“नाना, मैंने किसी का नहीं देखा. और सौरभ ने भी नहीं देखा. हम तो अलग-अलग कमरे में बैठे थे.”

“वेगवेगळ्या खोलीत?” मी विचारलं.

“रोल नंबर से बैठाते हैं ना. वो नीचे, मैं ऊपर.”

मग मला वाटलं, फोन. हल्ली मुलं कानातसुद्धा काय काय लपवतात. मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. लहानपणी तू खोटं बोललीस की खालचा ओठ आत घ्यायचीस. हिनं घेतला नाही. पण मला चष्म्यातून तेवढं नीट दिसत नाही, तेव्हा खात्रीनं सांगू शकत नाही.

“निगम मॅडम के पास कोई गया था,” ती म्हणाली. “किसी ने बोला है उनको. वरना सत्तर पेपर में किसका प्लस-माइनस कौन मिलाता है?”

कोण गेलं असेल, याचा मीही विचार केला. तिच्या खोलीत हिमानी नावाची मुलगी राहते, डेहराडूनची, वर्गात हिच्या खालोखाल मार्क. मी एवढंच म्हटलं की खोलीत राहणाऱ्याला पेपर बघायला मिळतात. बाकी काही बोललो नाही. आज तिचा निरोप आला की तिनं हिमानीशी बोलणं सोडलं आणि खोली बदलायला अर्ज दिला.

तू इकडे येऊ शकलीस तर बरं. दोन दिवसांची रजा काढ. जबलपूरहून चित्रकूट एक्स्प्रेस आहे. माझ्याकडे उतरायला पाहिजे असं नाही.

बाबा

---

विकास नगर
गुरुवार, ६ मार्च २०२५

चि. सुरुचीस,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं, ‘र’ची गाठ अजून तशीच मारतेस. तीन ओळींत तीन प्रश्न: “बाबा, तुम्ही तिला काय केलंत? तक्रार कोणी केली? तुम्ही विद्यापीठात कशाला गेला होतात?”

पोस्टकार्डावर लिहिलंस, म्हणजे आदेशनंही ते वाचलं असणार. असो.

तक्रार कोणी केली हे आत्ता महत्त्वाचं नाही. महत्त्वाचं दुसरंच काही निघालं आहे, ते सांगतो.

मंगळवारी दुपारी सौरभ आला. एकटा. मी साखळी लावूनच दार उघडलं. हातात वही. म्हणाला, “नानाजी, अंदर नहीं बुलाएँगे तो भी चलेगा, बस एक बात बता दीजिए. ये ‘दुजा’ माने क्या होता है?”

“काय दुजा?”

तेव्हा त्यानं दारातच उभं राहून डोळे मिटले आणि म्हटलं. मराठीत. लखनवी जिभेनं, ‘ळ’चा ‘ल’ करत, पण ठेक्यात, एकही मात्रा न सांडता:

फिरीच्या फिरीचे असे भाग दोनी,
जसे सांगितो मी तसे घे लिहोनी;
पसाऱ्यास आधी चढावा मिळावा,
पुढे लाप्लसाचा दुजा भाग यावा.

सुरुची, तो श्लोक माझा. छप्पन्न वर्षांपूर्वी कोल्हापुरात एम.एस्सी. करताना ही सूत्रं डोक्यात राहीनात, म्हणून मी त्यांचे श्लोक बांधले होते. तुझ्या आईला लग्नानंतर म्हणून दाखवले, ती इतकी हसली की दूध उतू गेलं. नोव्हेंबरमध्ये रुचाला सगळे म्हणून दाखवले. मला वाटलं, आजोबांची गंमत म्हणून ऐकतेय. तिनं ते पाठ केले. आणि ज्याला मराठीचं अक्षर कळत नाही त्या पोराला घोकून घोकून शिकवले. युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये बसून दोघं भुजंगप्रयात म्हणत असत म्हणे, आणि आसपासची मुलं विचारायची, कौन सा मंत्र है भाई, नौकरी वाला है तो हमें भी दे दो.

“दुजा म्हणजे दुसरा,” मी म्हटलं. “सेकंड.”

“और ‘पुढे’?”

“आगे.”

“तो नानाजी,” तो फार हळू बोलला, “इसमें माइनस कहाँ है?”

मी परत म्हणून बघितलं. मनात, मग मोठ्यानं. कुठं अडखळलो नाही. राजाराम गुरुजी म्हणायचे, वृत्त मोडलं नाही तर पाठांतर चुकलं नाही. कविता स्वतःची राखण स्वतः करते. आयुष्यभर मी त्याच भरवशावर म्हणत आलो. पण ‘पुढे’ जिथं बसतं तिथं ‘वजा’ही बसतं. लघु, गुरू. तेवढंच माप. मी मुळात ‘वजा लाप्लसाचा दुजा भाग यावा’ असंच केलं होतं, सुरुची, मला आता नक्की आठवतं. कधीतरी, कोणत्या वर्षी कोण जाणे, वजा गळला आणि त्याच्या जागी पुढे येऊन बसला, आणि वृत्तानं हूं की चूं केलं नाही.

म्हणजे दोघंही चोर नव्हते. चूक माझी होती. ती एका खोलीत वर आणि दुसरीत खाली, एकाच वेळी उतरवली गेली.

सौरभ म्हणाला, “नानाजी, आप बस कमेटी के सामने चलकर ये सुना दीजिए. हम दोनों छूट जाएँगे.”

मी त्याला सांगितलं की विचार करतो. तब्येत बरी नाही, गुडघा धरला आहे, एवढ्या लांब रिक्षानं जाणं झेपेल की नाही सांगता येत नाही. शिवाय हे रुचाला आत्ताच सांगू नकोस, असंही म्हटलं. त्यानं वही मिटली. गोड काही बोलला नाही. साखळी अजून लागलेलीच होती, दोघांच्या मध्ये.

गुडघ्याला खरंच मार बसलेला आहे, जिन्यावर.

बाबा

---

विकास नगर
गुरुवार, २७ मार्च २०२५

चि. सुरुचीस,

तुझ्या तीन प्रश्नांची उत्तरं, आता सरळ.

मी विद्यापीठात गेलो होतो ते काम असं होतं. मंगळवार, ४ फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा. कोट घातला होता. डॉ. निगमना भेटलो, निवृत्त गणित शिक्षक अशी ओळख दिली, नातं सांगितलं नाही. म्हटलं, अमुक रोल नंबरचा मुलगा अमुक मुलीचं बघून लिहितो, मधल्या परीक्षेतला चौथा प्रश्न काढून पाहा. मला वाटलं होतं, तो तेवढा अडकेल आणि हिच्यापासून दूर होईल. शिक्षक म्हणून मला ठाऊक असायला हवं होतं की सारखे दोन पेपर सापडले की दोघांनाही उभं करतात. मी स्वतः किती जणांना तसं उभं केलं असेल.

तक्रार मी केली. तिला जे केलं तेही मीच केलं.

आणि पाटल्या आईच्या शिवणयंत्राच्या खणात होत्या. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी सापडल्या. उल्हासरावांची बॅग मी दारात उघडायला लावली तेव्हा तुझी बारा-तेरा वर्षांची रुचा त्यांच्या हाताला धरून उभी होती. कळवायचं राहून गेलं, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगितलं. राहून गेलं नव्हतं. कळवलं नाही.

१९ तारखेला मी गेलो. सौरभ घ्यायला आला होता, स्कूटरवर. समितीत तिघं होते. रुचा भिंतीशी खुर्चीवर बसली होती, मला बघून उभी राहिली. तिला वाटलं मी तिच्यासाठी आलो. आलो होतोच तिच्यासाठी. पण डॉ. निगमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अरे, आप तो वही हैं. शिकायत वाले सर.”

मी रुचाकडे बघितलं नाही. सगळं सांगितलं. श्लोक म्हटला. मग त्यांनी मला बाहेर बसवून सौरभकडून म्हणून घेतला, मग रुचाकडून. दारातून ऐकू येत होतं. दोघांच्याही तोंडी ‘पुढे’. समितीतले एक म्हातारे गृहस्थ संस्कृत जाणणारे निघाले, त्यांनी टेबलावर बोटानं मात्रा मोजल्या आणि म्हणाले, छंद तो निर्दोष है. मग कोणीतरी हसलं. रुचाचा आवाज मात्र कवितेसारखा नव्हता, जबानीसारखा होता.

परत आत बोलावून डॉ. निगम म्हणाल्या, “सर, गलत सिखाया भी आपने, और पकड़वाया भी आप ही ने. हम किसे फेल करें?” मी म्हटलं, मला जी काय शिक्षा असेल ती द्या. त्या म्हणाल्या, “आपका तो यहाँ रोल नंबर ही नहीं है.”

चौकशी बंद झाली. कॉपीचा शिक्का लागणार नाही, कागद फाडले माझ्यादेखत. तो एक प्रश्न मात्र दोघांनी २५ला परत सोडवायचा, नव्या प्रश्नपत्रिकेवर.

बाहेर आल्यावर रुचानं मला विचारलं, “ऑटो बुक कर दूँ आपके लिए?” आपके. मी नाही म्हटलं. मग म्हणाली, “हिमानी को मैंने चुगलखोर बोला, नाना. पूरे हॉस्टल के सामने.” आणि निघून गेली. मी जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरलो.

त्या रविवारी ती आली नाही. वरण केलं होतं, संध्याकाळी कामवालीला दिलं.

सोमवारी मी हॉस्टेलच्या फाटकावर गेलो. सगळे अकरा श्लोक छापील पुस्तकावरून ओळ न् ओळ ताडून, शुद्ध करून स्वच्छ अक्षरात लिहून नेले होते. आणखी दोन ठिकाणी गळती सापडली, सुरुची. दोन. वृत्त दोन्हीकडे निर्दोष. ती खाली आली, केस ओले. मी कागद पुढे केला. म्हटलं, आता एकही चूक नाही, उद्याच्या पेपराला उपयोगी पडेल.

तिनं घेतला. न उघडता परत दिला.

“नाना, अब मैं याद नहीं करूँगी. हर बार शुरू से निकाल लूँगी.”

“वेळ जाईल ग,” मी म्हटलं. “परीक्षेत एवढं सगळं विस्तारानं...”

“जाने दो.”

मंगळवारी तिनं तो प्रश्न सोडवला. सौरभनं सांगितलं, तो मला आता रस्त्यात भेटला की थांबतो, घरी मात्र येत नाही. श्लोक नाही, सूत्र नाही; क्षेत्राचे तीन घटक वेगळे करून, प्रत्येकाचं विकलन करत, तिनं चार पानं भरली. चौथ्या पानावर वजा आपणहून आला. डॉ. निगमनी पैकीच्या पैकी दिले. हिमानीकडे ती दोनदा जाऊन आली. दुसऱ्या वेळी तिनं दार उघडलं, एवढं त्याला माहीत आहे.

तुला रजा मिळाली असं रुचाच्या बोलण्यातून त्याला कळलं. शनिवारी येते आहेस. मी स्टेशनवर येणार नाही. तिच्या नव्या खोलीचा नंबर एकशे सोळा, तळमजला, डाव्या हाताला. उल्हासराव बरोबर असतील तर त्यांना हे पत्र वाचू दे, पाटल्यांचं तर जरूर.

आणि एक. या चार पत्रांत मी तुला जे लिहिलं, त्यातलं काय आधी आणि काय नंतर, काय मी पाहिलं आणि काय नुसतं मला वाटलं, ते सगळं मी आठवेल तसं लिहिलं आहे, आणि लिहिताना कुठं अडखळलो नाही. तेव्हा माझ्या सांगण्यावर जाऊ नकोस. तिच्यापाशी बस, आणि पहिल्यापासून विचार.

बाबा